द्वंद्व म्हणायचं, तर दोघं लढायला हवेत

गेल्या पावसाळ्यात कपाळाला चार टाके पडलेल्या एका बाईबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले होते. हवालदार माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतल्यावर मला म्हणाले, "ताई, टाळी एका हातानं वाजत नाही." आणि वहीत लिहिलं, 'पती-पत्नीत आपसात भांडण होऊन मारहाण'. बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिला वाचून दाखवलं. ती गोंधळून म्हणाली, "भांडण कधी झालं वो? मी तर भाकरी थापत होते."

मैत्रिणींनो, तिचं हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. एकाने मारलं, दुसरीने मार खाल्ला, आणि कागदावर दोघांची लढत झाली. ही लढत आली कुठून?

आपल्या भाषेत दोघांच्या लढाईला 'द्वंद्वयुद्ध' म्हणतात. 'द्वंद्व' म्हणजे मुळात जोडी. सुख-दुःख, थंडी-ऊन ही द्वंद्वंच. शाळेत आपण द्वंद्व समास शिकलो. ज्यातली दोन्ही पदं सारख्याच महत्त्वाची, तो द्वंद्व समास. आईवडील, बहीणभाऊ आणि अर्थातच नवराबायको. व्याकरणाने नवरा आणि बायको यांना केव्हाच बरोबरीचं स्थान देऊन टाकलं आहे! संसारात ते मिळत नाही. पण मारहाण झाली, की तीच बरोबरी सगळ्यांना अचानक आठवते. मग 'दोघांचंही चुकलं', 'दोघांनी समजून घ्यावं'.

जुन्या कथांमधलं द्वंद्वयुद्ध आठवून पाहा. भीम आणि जरासंध, भीम आणि दुर्योधन. त्याला नियम होते. दोघं तोलामोलाचे हवेत, हत्यार सारखं हवं, दोघांनाही लढाई मान्य हवी, आणि तिसऱ्याने मध्ये पडू नये. आता हे नियम आपल्या वस्तीतल्या घराला लावून पाहा. घर त्याच्या नावावर, कमाई त्याच्या हातात, माहेरचं दार बंद, पदरात दोन लेकरं. बरोबरीचा, हत्याराचा, संमतीचा असा एकही नियम इथे पाळला जात नाही. पाळला जातो तो फक्त शेवटचा. शेजारी दार लावून घेतात, भावकी म्हणते घरातला मामला आहे. द्वंद्वाचा हा एकच नियम आपल्या समाजाने इमाने इतबारे सांभाळला आहे.

कायद्याला हा फरक कळत नाही असं नाही. अचानक झालेल्या मारामारीत हातून माणूस मेला, तर खुनाऐवजी सौम्य गुन्हा धरण्याची तरतूद पूर्वीच्या दंडसंहितेत होती आणि आताच्या न्याय संहितेतही आहे. 1978 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मारामारी म्हणायची तर दोन्ही बाजूंनी वार व्हायला हवेत. समोरचा निःशस्त्र असेल आणि त्याने काहीच इजा केली नसेल, तर ती मारामारी नव्हे. आरोपीला ती सवलत मिळाली नाही.

आणि त्याच 1978 मध्ये त्याच न्यायालयाने मथुरा खटल्याचा निकाल दिला. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांना सोडून दिलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. म्हणजे एका खटल्यात उलट वार न करणारा माणूस हल्ल्याचा बळी ठरला, आणि दुसऱ्यात उलट न लढलेली मुलगी राजी ठरली. तिने आधी द्वंद्व करून दाखवावं, मग आम्ही अत्याचार मानू, असाच याचा अर्थ. 1979 साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पण बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती धरू नये, हे कायद्यात स्वच्छ लिहिलं जायला 2013 उजाडलं.

कुणी विचारेल, बायका हात उचलतच नाहीत का? उचलतात. वर्षानुवर्षं मार खाल्ल्यावर एखादी लाटणं फेकून मारते. त्या दिवशी नवरा तिच्याआधी ठाण्यात पोचतो. दोघांचीही अदखलपात्र तक्रार लिहिली जाते आणि हिशेब बरोबर झाला असं सगळ्यांना वाटतं. आधीच्या बारा वर्षांचा हिशेब कोण मांडणार? कुणी हात उचलला एवढंच पाहून भागत नाही. कोण कुणाला घाबरून जगतं, हे विचारावं लागतं.

आता थोडं आपल्याबद्दल. परवा मी आमच्या केंद्रातल्या जुन्या फायली काढल्या. माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं, 'उभयतांत सतत वाद', 'सासू-सुनेचा संघर्ष', 'अर्जदाराच्या मनात द्वंद्व'. हे शेवटचं तर आम्हा एम.एस.डब्ल्यू. झालेल्यांचं आवडतं. हल्ली द्वंद्व शब्द जास्त करून मनाच्या घालमेलीसाठीच वापरतात. पण राहायला जागा नाही म्हणून परत जाऊ की नको असा प्रश्न जिला पडतो, तिच्या मनात द्वंद्व नसतं, तिच्या डोक्यावर छप्पर नसतं. प्रश्न घराचा होता. मी तो तिच्या मनात नेऊन ठेवला आणि समुपदेशन करत बसले.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरतात. सेवा पुरवणाऱ्या नोंदणीकृत संस्थाही भरतात. तो न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. त्यात आपण 'भांडण' लिहिलं, तर तिथे भांडणच वाचलं जाणार. म्हणून कुणी, कुणाला, कशाने, कितव्यांदा मारलं, तेवढंच सरळ लिहू या. टाळी वाजली असं लिहू नका, थप्पड मारली असं लिहा. थप्पड एकाच हाताने बसते.

वेरूळच्या कैलास लेण्यात रावणाशी झुंजणारा जटायू कोरलेला आहे. सहलीला आपण सगळ्याच तो पाहून येतो. हे भांडण त्याचं नव्हतं, तोलामोलाचाही तो नव्हता. तो हरलाच. पण हा दोघांचा मामला आहे असं म्हणून तो झाडावर बसून राहिला नाही.

त्या बाईची नोंद आम्ही त्याच दिवशी बदलून घेतली. तासभर लागला. हवालदार वैतागले, पण त्यांनी लिहिलं, 'पत्नी स्वयंपाक करीत असताना पतीने मारहाण केली'. तिने ते दोनदा वाचून घेतलं आणि मगच अंगठा दिला.