सरमेची तक्रार

महाभारताचे आदिपर्व उघडले की युद्ध, द्यूत आणि वनवास यांच्या फार आधी एक कुत्री भेटते. तिचे नाव सरमा. जनमेजय राजाचा यज्ञ चालू असताना तिचे पिल्लू तेथे जाते आणि राजाचे भाऊ त्याला बडवून हाकलून देतात. पिल्लू रडत आईकडे येते. आई आधी त्यालाच विचारते, की तू काही आगळीक केली असशील. पिल्लू सांगते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग ती कुत्री थेट यज्ञमंडपात जाऊन राजाला जाब विचारते, आणि उत्तर मिळत नाही तेव्हा शाप देऊन परतते. भटक्या कुत्र्यांविषयीचा आपला वाद इतका जुना आहे. मात्र सरमेने दाखवलेला विवेक आज दोन्ही पक्षांत दुर्मीळ झाला आहे. तिने आधी आपल्या पिल्लाची चौकशी केली आणि मगच राजाची केली.

२०२५ च्या पावसाळ्यात हा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने आदेश दिला, की दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री पकडून निवारा केंद्रांत ठेवावीत आणि पुन्हा रस्त्यावर सोडू नयेत. त्यासाठीची व्यवस्था उभी करायला मुदत होती आठ आठवड्यांची. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेले कुत्रे जेथून उचलले तेथेच सोडावे, मात्र रेबीज झालेले किंवा आक्रमक असलेले सोडू नये, खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात आणि वाटेल तेथे रस्त्यात खाऊ घालू नये, असे नवे सूत्र आले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवावीत आणि तेथे परत सोडू नयेत, असाही आदेश झाला.

या आदेशांवर वाहिन्यांवरून आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांतून जे बोलले गेले, त्यात एका प्राण्याचा उल्लेख क्वचितच आला. जिन्याखाली, पार्किंगमधल्या जुन्या गाडीच्या आडोशाला किंवा बांधकामाच्या वाळूत नुकतीच व्यालेली कुत्री तो प्राणी. सगळा प्रश्न सुरू होतो तिच्यापाशी आणि सुटला तर सुटेल तोही तिच्यापाशीच, असे मला वाटते.

आधी भीतीची बाजू पाहू, कारण ती खोटी नाही. २०२४ या एका वर्षात देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्याची माहिती केंद्र सरकारने संसदेत दिली. त्यांपैकी पावणेपाच लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातल्या. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ज्या घरात असा मृत्यू झाला, त्या घराला भूतदयेचे व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पहाटे दूध आणायला जाणारी बाई, रात्रपाळीहून सायकलवर परतणारा कामगार, शिकवणीहून येणारी मुले यांना रस्ता निर्भय असलाच पाहिजे. आलिशान गाडीतून येऊन पदपथावर बिस्किटांचा पुडा रिता करणाऱ्याला हे कळत नसेल, तर त्याचे प्रेम फार स्वस्त आहे.

पण भीती खरी आहे म्हणून भीतीने सुचवलेला प्रत्येक उपाय खरा ठरत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली, महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास. एवढ्यांना आयुष्यभर कोंडून ठेवायला जागा कोठे आहे? रोजचे अन्न, डॉक्टर, झाडलोट यांचा हिशेब कोणती नगरपालिका मांडणार? आणि मारण्याचा मार्गही आपण चोखाळून पाहिला आहे. १८३२ साली मुंबईत ब्रिटिशांच्या कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतरही दीर्घकाळ आपल्या नगरपालिका कुत्री मारत राहिल्या. संख्या हटली नाही. कचरा तसाच राहिला की रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारची कुत्री येतात आणि त्यांची वीण पुन्हा जागा भरून काढते. या अनुभवातूनच २००१ साली निर्बीजीकरणाचे नियम आले आणि २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.

आता त्या व्यालेल्या कुत्रीकडे येऊ. तिच्या गर्भारपणाचे दिवस साधारण ६३. पिल्ले जन्मतात ती आंधळी आणि बहिरी. डोळे उघडायला दहा-चौदा दिवस लागतात. पहिले काही दिवस त्यांना स्वतःच्या अंगाची ऊबसुद्धा राखता येत नाही. आईने चाटल्याशिवाय त्यांना लघवी वा शी होत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात मिळणारे चिकाचे दूध हीच त्यांची पहिली लस. म्हणूनच 'पिल्ले उचलून दूर सोडून या' हा सोसायटीतला नेहमीचा ठराव म्हणजे मृत्युदंडच असतो, फक्त त्या कागदावर तसे लिहिलेले नसते. शिवाय पिल्ले शोधत फिरणारी आई अधिक बिथरते, तिच्या आचळांत दूध साठून ती सुजतात आणि अंगावर धावून जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते, त्यांच्याही हिताचा तो ठराव नव्हे.

दयाळू माणसांच्या हातूनही अनर्थ होतो. रस्त्याच्या कडेला पिल्ले एकटी दिसली की ती अनाथ आहेत असे समजून खोक्यात घालून घरी आणली जातात. आई मात्र दोन गल्ल्यांपलीकडे अन्नाच्या शोधात गेलेली असते. दुरून काही तास पाहावे, ती आली तर हात लावू नये. खरोखरच आई मेलेली असेल, तर आधी पिल्लांना ऊब द्यावी आणि मगच दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गाईचे दूधही त्यांना पुरत नाही, कारण कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने पुष्कळ जास्त असतात. पशुवैद्याकडे वा औषधांच्या दुकानात मिळणारी पिल्लांची दूधपावडर आणावी. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पिल्लाला पालथे ठेवून पाजावे. उताणे पाजले तर दूध फुप्फुसात जाते. ज्याला इतके जागरण झेपणार नाही, त्याने ते झेपेल असा माणूस शोधावा.

आई असेल तर काम पुष्कळ सोपे आहे. कोरडी, आडोशाची जागा, अंथरायला जुनी गोणपाटे, जवळ पाण्याचे भांडे आणि पोटभर अन्न. पिल्ले तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत तिची भूक नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होते. याच काळात रक्तातले कॅल्शियम घटून तिला थरथर सुटते, झटके येतात. असे झाले तर तासाभराचाही उशीर न करता पशुवैद्य गाठावा. आपल्या खेड्यापाड्यांत कुत्री व्याली की मुले घरोघर हिंडून पीठ, गूळ, तेल गोळा करत आणि तिला शिरा करून घालत. तो शिरा आहारशास्त्राच्या कसोटीला उतरेल न उतरेल, पण त्यामागचे शहाणपण पक्के होते. ओली बाळंतीण उपाशी राहता कामा नये, आणि तो खर्च एका घराचा नसून आळीचा आहे.

पुढच्या हिशेबासाठी एका संशोधनाचा आधार घेतो. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या ९५ विणींतील ३६४ पिल्लांवर नजर ठेवली. त्यांचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. सातव्या महिन्यापर्यंत जगली ती अवघी १९ टक्के. झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्के कोणत्या ना कोणत्या प्रकारे माणसांमुळे झालेले होते.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला आकडा दिसला की त्याची दुसरी बाजू तपासायची खोड असते. एका कुत्रीला वर्षात दोन वेळा मिळून दहा पिल्ले झाली असे धरू. वरच्या प्रमाणाने त्यांतली आठ मरणार आणि दोन मोठी होणार. या दोघांच्या भरतीसाठी आठ जीव गाडीखाली, थंडीत, उपासमारीत वा रोगाने संपतात. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांची संख्या 'स्थिर' दिसते ती अशी. आता त्या एका कुत्रीचे निर्बीजीकरण करा. ज्याला कुत्री नकोत, त्याच्या खाती वर्षाला दोन कुत्री कमी जमा होतात. ज्याला कुत्र्यांचा जिव्हाळा आहे, त्याच्या खाती आठ तडफडणारे मृत्यू टळतात. दोन्ही पक्षांना एकाच व्यवहारात नफा व्हावा, असे सार्वजनिक जीवनात फार थोड्या वेळा घडते.

या हिशेबाची तिसरी ओळ मात्र कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांनी वाचायला हवी. जिवापाड मेहनत करून दहाच्या दहा पिल्ले वाचवली, पण आईला तसेच सोडले आणि पिल्लांनाही सहा महिन्यांनी वाऱ्यावर सोडले, तर त्या दयेचे व्याज चक्रवाढ दराने गल्लीलाच भरावे लागते. पिल्ले वाचवणे हा कामाचा पूर्वार्ध झाला. उत्तरार्ध केला नाही, तर पूर्वार्धाने नुकसानच होते.

उत्तरार्धाचे वेळापत्रक अवघड नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिल्ले पातळ अन्न चाटू लागतात आणि सहा ते आठ आठवड्यांत आईचे दूध तुटते. दुसऱ्या आठवड्यापासून पशुवैद्याच्या सल्ल्याने जंताचे औषध, सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास पार्व्हो आणि डिस्टेंपर यांची पहिली लस, साधारण तिसऱ्या महिन्यात रेबीजची. लस होण्याआधी पिल्लांना गर्दीच्या निवारा केंद्रात टाकणे धोक्याचे, कारण पार्व्होसारखा रोग तेथे वणव्यासारखा पसरतो. तोपर्यंत ती आईपाशी किंवा एखाद्या घरी तात्पुरती राहिलेली बरी. याच वयात माणसांचा सौम्य सहवास मिळालेले पिल्लू पुढे भित्रे वा चावरे होण्याची शक्यता कमी असते. आठ आठवड्यांनंतर पिल्लांना घरे शोधावीत आणि दूध आटले की आईला शस्त्रक्रियेसाठी न्यावे. ती परत येईल तेव्हा तिच्या कानाला खाच असेल. ती खाच म्हणजे आळीने आपली जबाबदारी पार पाडल्याची पावती.

दिल्लीतल्या कुत्र्यांसाठी न्यायालयाने आधी दिलेली मुदत आठ आठवड्यांची होती, आणि एका आईला पिल्ले वाढवायला लागणारा काळही आठ आठवड्यांचाच. सोसायटीने भांडणाला दोन महिने विश्रांती द्यावी आणि त्या काळात चार माणसांनी कामे वाटून घ्यावीत. एकाने अन्न पाहावे, एकाने डॉक्टर, एकाने महापालिकेच्या किंवा संस्थेच्या गाडीचा पाठपुरावा करावा. चौथ्याने मुलांना समजवावे, की व्यालेल्या कुत्रीजवळ जायचे नाही आणि पिल्लाने ओरखडले तरी घरी सांगायचे. पिल्लू लहान म्हणून त्याचा दात निर्धोक नसतो. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद, चुना, मिरची काहीही न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लशीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. २०२३ च्या नियमांनीही खाऊ घालण्याची जागा जिने, प्रवेशद्वारे आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा यांपासून दूर ठरवण्यास सांगितले आहे. तेवढे पाळले तरी निम्मी भांडणे मिटतील.

हे सारे स्वप्नरंजन आहे काय? आपल्या शेजारचा गोवा याचे उत्तर देतो. तेथे सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून गावोगाव जाळी घेऊन कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवले आणि संशयास्पद कुत्र्यांवर पाळत ठेवली. कुत्र्यांच्या सुमारे ७० टक्के लसीकरणाचे लक्ष्य त्यांनी गाठले. माणसांमधील रेबीजचे उच्चाटन झाल्याचे आणि कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नोंदले गेले. कुत्र्यांची कत्तल त्यासाठी करावी लागली नाही. लागली ती चिकाटी. दरवर्षी तेच काम, त्याच गल्ल्यांतून, वर्तमानपत्रात फोटो येवो न येवो.

आपल्याकडे नेमकी तिचीच वानवा आहे. निर्बीजीकरणाचे कंत्राट निघते, संपते आणि नवे निघेपर्यंत दोन विणी होऊन जातात. कचऱ्याचे ढीग तर बारमाही. न्यायालय आदेश देऊ शकते, पण तुमच्या जिन्याखाली कोण व्याली आहे हे त्याला दिसत नाही. ते दिसते रखवालदाराला, कामाला येणाऱ्या बाईंना आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांना. त्यांनी सांगितल्यावर आपण काठी शोधतो, मोबाइलवर फोटो काढून मोकळे होतो, की आठ आठवड्यांचे वेळापत्रक भिंतीवर लावतो, यावर त्या आईचे आणि आपल्या रस्त्याचे पुढचे वर्ष ठरत असते.