मोजपट्टी कोणाच्या हातात?

"आपल्याकडे असलं काही नव्हतं हो पूर्वी!"

समुद्रकिनारा आणि स्विमिंग कॉस्च्यूम हे दोन शब्द एकत्र आले की हे वाक्य येतंच. फॅमिली ग्रुपवर येतं, लग्नाच्या पंगतीत येतं. आणि म्हणणारे बहुतेक वेळा आपलेच काका-मामा असतात, त्यामुळे उलट उत्तरही देता येत नाही. म्हणून इथे लिहितेय.

पहिली गोष्ट, नव्हतं कसं? १९३८ साली 'ब्रह्मचारी' आला. लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. त्यात मीनाक्षी शिरोडकर चक्क स्विमिंग कॉस्च्यूममध्ये पडद्यावर आल्या. मराठी सिनेमात, मराठी नटी, स्वातंत्र्याच्या नऊ वर्षं आधी! खळबळ उडाली, आणि थिएटरात गर्दीही झाली. म्हणजे नाकं मुरडण्याची आणि तिकीट काढण्याची परंपरा एकाच वयाची आहे.

दुसरं लाडकं वाक्य, "ही पाश्चात्त्यांची थेरं." त्या पाश्चात्त्यांचं काय चाललं होतं तेही बघा. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये बाई समुद्रात जायची ती चाकं लावलेल्या लाकडी खोलीत बसून. घोडा ती खोली पाण्यात ओढत न्यायचा, बाई आत कपडे बदलायची आणि पलीकडच्या पायऱ्यांवरून कोणाला न दिसता पाण्यात उतरायची. अंगात लोकरी किंवा फ्लॅनेलचा पायघोळ झगा, तो पाण्यात वर तरंगू नये म्हणून काठाला वजनं शिवलेली! पोहायला जाताना वजनं बांधून जायचं. पुरुष मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या कित्येक किनाऱ्यांवर सरळ नागडे डुंबत होते. त्याने कुठली संस्कृती बुडाली नाही.

पुढे १९२२ सालचा वॉशिंग्टनचा एक फोटो प्रसिद्ध आहे. एक माणूस वाकून, टेप घेऊन एका बाईचा गुडघा ते कॉस्च्यूम हे अंतर मोजतोय. हुकूमच होता, गुडघ्याच्या वर सहा इंचांपेक्षा जास्त नको. १९४६ मध्ये पॅरिसला लुई रेआर्दने बिकिनी आणली, तेव्हा ती घालून मिरवायला नेहमीच्या मॉडेल तयार होईनात. शेवटी मिशलिन बेर्नार्दिनी ही नर्तकी पुढे आली.

मग सुटल्या का बायका? छे! २०१६ साली त्याच फ्रान्समधल्या कान आणि इतर काही गावांनी बुर्किनीवर बंदी घातली. आता तक्रार काय, तर कपडे जास्त आहेत! शेवटी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका गावाची बंदी स्थगित केली. आणि २०२१ मध्ये नॉर्वेच्या मुलींना बीच हँडबॉल खेळताना १५०० युरो दंड झाला, कारण त्यांनी बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या. नियमात बिकिनीच्या बाजूची रुंदी लिहिलेली होती, १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पुरुषांना मात्र शॉर्ट्स चालत होत्या. जगभर हसं झालं तेव्हा त्याच वर्षी नियम बदलला.

सहा इंचांपेक्षा जास्त वर नको, दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त रुंद नको. शंभर वर्षांत कापड पार बदललं. टेप कायम दुसऱ्याच्याच हातात. म्हणून मला "बिकिनी चांगली की वाईट" या वादात रसच नाही. कोणाला बिकिनी हवी, कोणाला बुर्किनी हवी, ज्याचं त्याला ठरवू द्या. २०१४ साली गोव्यातल्या एका मंत्र्यांनी बिकिनीवर बंदी हवी म्हटलं होतं. किनाऱ्यावर अनोळखी बायकांचे चोरून फोटो काढणाऱ्यांवर बंदी आधी आणा की!

आता घरचं बघू. आपल्या कोकण ट्रिपा आठवा. दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे. बाप्ये मंडळी गाडीतून उतरल्या उतरल्या शर्ट काढून हाफ चड्डीवर पाण्यात. बायका वाळूत बसून चपला, पाकिटं, मोबाईल आणि पोरांचे टॉवेल सांभाळतात. फारच आग्रह झाला तर पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत वर धरून चार पावलं आत. लाट आली की ओढणी पायात. भिजलेली साडी अंगाला चिकटून कॉस्च्यूमपेक्षा जास्तच दाखवते, हे सगळ्यांना दिसतं, बोलत कोणी नाही. शिवाय भिजलेलं कापड जड होतं, पायात गुंततं, आणि समुद्र काही घराणं बघून ओढत नाही.

पूर्ण बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे पोहायचे कपडे आता सगळीकडे मिळतात. ज्यांना अंग झाकायचंय त्यांची सोय आहे, म्हणजे ती सबबही संपली. तेव्हा काकालोकहो, पुढच्या ट्रिपला चपला-पाकिटं तुम्ही सांभाळा. तासभर आम्हाला पाण्यात जाऊ द्या. काय घालून जायचं ते आमचं आम्ही बघू.