केसपेपरचे कुलूप

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला जो उपदेश आहे, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर न नेण्याचे बंधन घातलेले आहे. केसपेपर लाकडी कपाटात होते तोवर ते पाळणे सोपे होते. कपाटाची किल्ली वैद्याच्या खिशात असे. आज केसपेपर संगणकात आहेत आणि त्वचाविकारांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. किल्ली कोणाकडे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आमचाच दाखला देतो. गेल्या पावसाळ्यात विजेच्या लपंडावात आमच्या दवाखान्यातील संगणक बंद पडला. नोंदींची प्रत दर शनिवारी पेन ड्राइव्हवर उतरते, असा आमचा समज होता. प्रत्यक्षात त्यातील शेवटची फाइल अडीच वर्षांपूर्वीची निघाली. सॉफ्टवेअर बदलले त्या दिवसापासून प्रत निघणेच थांबले होते आणि आम्ही ती एकदाही उघडून पाहिली नव्हती. आमवाताच्या एका रुग्ण भगिनीस पूर्वी कोणता गुग्गुळकल्प सोसला नव्हता, हे आम्हांस त्यांनाच विचारावे लागले. "गोळी काळी होती," एवढेच त्यांना आठवत होते!

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'वर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेतही कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कागदावर कराव्या लागल्या. हे सॉफ्टवेअर नोंदींना कुलूप घालते आणि किल्लीसाठी खंडणी मागते. संगणकाला कायम जोडून ठेवलेली प्रतही त्यात सापडते. म्हणून एक प्रत वायर काढून कपाटात ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे तंत्रज्ञाचे काम, आपले नव्हे, असे काही ज्येष्ठ म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. अवलेहाची तार स्वतः बोटांनी पाहणाऱ्या वैद्याने संगणकाची सेटिंग्ज उघडण्यास का कचरावे? थोडी खटपट करावी, अर्थात प्रत काढून झाल्यावर. दुरुस्तीला येणाऱ्या मुलास पासवर्ड सांगितला असेल, तर तो गेल्यावर बदलावा. दूरवरून संगणक चालवण्यासाठी त्याने घातलेले अ‍ॅप काढून टाकावे. (आमचा पासवर्ड अनेक वर्षे मात्रांच्या तक्त्याखाली चिकटवलेला होता, हेही कबूल करतो.)

औषधी दुकानदारांनी गल्ल्यावरील क्यूआर कोडकडे रोज सकाळी पाहावे. जानेवारी २०२५ मध्ये खजुराहो येथे रातोरात दुकानांबाहेरील क्यूआर कोड बदलले गेले. त्यांत औषधाचे एक दुकानही होते. दुकान उघडताच स्वतः एक रुपया पाठवून नाव कोणाचे येते ते पाहिले, तरी पुरे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. मोठी मागणी नोंदवून "आगाऊ रक्कम पाठवतो, पिन टाका" म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवावा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर कळवावे.

फोटोंची गोष्ट मात्र याहून नाजूक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले छायाचित्र अनेक फोनमध्ये आपोआप गॅलरीत उतरते. ही सोय सेटिंग्जमध्ये बंद करता येते, हे आम्हांस उशिरा कळले. आमच्या मदतनीसाने जुना फोन विकायला काढला, तेव्हा त्याच्या मुलाच्या वाढदिवसाच्या छायाचित्रांशेजारी आमच्या रुग्णांच्या व्रणांचे आणि चट्ट्यांचे फोटो होते, काहींत चेहऱ्यासह. दोन संध्याकाळी बसून ते आम्ही एकेक करून काढले.