कुणासाठी काढताय चित्र?



चित्रकलेच्या तासाला आपण काय काय काढतो? दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, त्याच्यापुढे नदी, नदीत होडी, काठावर झोपडी आणि एक वाकडं नारळाचं झाड! एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी सुरू झाली, की मग स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. ही सगळी चित्रं मार्कांसाठी असतात. ती तपासणारा आपल्याला ओळखत नाही आणि आपण त्याला ओळखत नाही.

आज जरा वेगळ्या चित्राबद्दल बोलू या. घरातल्या एकाच माणसासाठी काढलेलं, त्याच्याच हातात द्यायचं चित्र. तुम्ही म्हणाल, "आम्हाला कुठे एवढं चांगलं येतं?" थांबा, आधी एक गोष्ट ऐका. अगदी खरी घडलेली.

हॉलंडमध्ये न्यूनेन नावाचं एक खेडं आहे. तिथल्या छोट्याशा चर्चमध्ये एक धर्मोपदेशक होते. त्यांचा थोरला मुलगा तिशीचा झाला तरी कुठे नीट टिकला नव्हता. चित्रांच्या दुकानातली नोकरी गेली, शिक्षकी झाली, पुस्तकांच्या दुकानात काम झालं, धर्मप्रचारकाचं कामही सुटलं. १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने ठरवलं, की आपण चित्रकार व्हायचं. पण त्याची चित्रं विकत कोण घेणार? धाकटा भाऊ थिओ पैसे पाठवायचा, त्यावर त्याचं भागायचं. शेवटी १८८३ च्या डिसेंबरात तो आईवडिलांकडे राहायला आला.

पुढच्याच महिन्यात त्याची आई आगगाडीतून उतरताना पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. त्या काळी अशा दुखण्याला एकच उपाय, अंथरुणात पडून राहायचं. तिच्या शुश्रूषेत मुलानेही हात लावला. आणि तिला जरा बरं वाटावं म्हणून त्याने तिच्यासाठी एक चित्र रंगवलं. कशाचं माहीत आहे? त्याच छोट्या चर्चचं! समोरचं कुंपण, आजूबाजूची झाडं, वर राखाडी आकाश. चित्र फार मोठं नव्हतं. साधारण ४१ सेंटिमीटर उंच आणि ३२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे चित्रकलेच्या मोठ्या वहीच्या पानाएवढं.

या मुलाचं नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. आज सगळं जग त्याला ओळखतं. पण हे चित्र काढताना तो कुणीच नव्हता, बरं का! त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं, की अंथरुणात पडलेल्या आईला काय बघायला आवडेल.

गोष्ट इथेच संपत नाही. १८८५ च्या मार्चमध्ये वडील अचानक वारले. त्यानंतर व्हिन्सेंटने हेच चित्र पुन्हा हातात घेतलं. आधी त्यात फावडं घेतलेला एक शेतकरी होता. त्याच्यावर रंग देऊन त्याने चर्चमधून बाहेर पडणारी माणसं काढली. त्यांतल्या काही बायकांच्या अंगावर दुखवट्याच्या शाली आहेत. उघड्याबोडक्या झाडांना पानगळीतली थोडी पानंही आली. घरात जे घडलं, ते चित्रातही आलं. खालचा शेतकरी कितीतरी वर्षांनी क्ष-किरणांच्या तपासणीत दिसला!

आईला दिलेलं हे चित्र पुढे ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात लागलं. २००२ मध्ये चोरांनी शिडी लावून छतावरून आत शिरून ते पळवलं. तब्बल चौदा वर्षांनी, २०१६ मध्ये ते इटलीत सापडलं आणि २०१७ मध्ये संग्रहालयात परत आलं.

व्हिन्सेंटचं असंच आणखी एक चित्र आहे. ३१ जानेवारी १८९० रोजी थिओला मुलगा झाला. त्याचं नाव काकाच्या नावावरून व्हिन्सेंटच ठेवलं. काका तेव्हा दक्षिण फ्रान्समध्ये मनोरुग्णांच्या इस्पितळात होता. बातमी कळताच त्याने पुतण्यासाठी चित्र करायला घेतलं. निळंभोर आकाश आणि त्यावर बदामाच्या फुललेल्या फांद्या. बदाम का? तिकडे थंडी पुरती सरायच्या आधीच, फेब्रुवारीत, बदामाचं झाड फुलतं. नव्या बाळाला द्यायला याहून चांगलं काय असणार? काका त्याच वर्षी जुलैत गेला. पण घरच्यांनी हे चित्र कधी विकलं नाही. तो पुतण्या मोठा होऊन इंजिनिअर झाला, आणि मुख्यतः त्याच्याच प्रयत्नांनी १९७३ मध्ये ते संग्रहालय उघडलं. बदामाचा बहर आजही तिथेच आहे.

आता आपल्या घरी या. चित्र कुणाला द्यायचं, ते आधी ठरवा. कशाचं काढायचं, ते नंतर. आजीचा चेहरा हुबेहूब येणार नाही म्हणून घाबरता ना? मग चेहरा काढूच नका! गुडघे दुखतात म्हणून आजीला आता गावाला जाता येत नाही. तिला गावच्या घरातलं काय आठवतं? तिलाच विचारा. विहिरीचा रहाट? परसातला फणस? मागच्या दारची पायरी? ती सांगत असताना पेन्सिलने कच्चं चित्र काढत जा आणि दाखवत जा. "अगं, पायरी एवढी उंच नव्हती," असं ती म्हणाली, तर लगेच दुरुस्त करा. आजोबांना त्यांची जुनी सायकल काढून द्या. लग्न होऊन परगावी गेलेल्या ताईला तिची खिडकीतली अभ्यासाची जागा द्या. कॅलेंडरवरच्या चित्राची नक्कल नको. ते चित्र कुणालाही चालतं, म्हणूनच ते खास कुणाचं नसतं.

थोडं कामाचंही सांगतो. जलरंग वापरणार असाल, तर फिके रंग आधी आणि गडद नंतर द्या. पांढऱ्या जागी कागद कोराच सोडा. चुका झाकायच्या असतील, तर पोस्टर कलर बरे, एकावर दुसरा देता येतो. फ्रेम करताना काच कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घाला. आणि चित्र उन्हात लावू नका. व्हिन्सेंटच्या प्रसिद्ध 'शयनगृह' चित्रातल्या भिंती मुळात जांभळ्या होत्या. त्यांतला तांबडा रंग प्रकाशाने उडाला आणि आता त्या निळ्या दिसतात.

शेवटचं एक काम विसरू नका. चित्राच्या मागे पेन्सिलने हलक्या हाताने लिहा, कुणासाठी काढलं, कुणी काढलं आणि तारीख. आजीने सांगितलेली एखादी आठवण असेल, तर तीही दोन ओळींत लिहा. पन्नास वर्षांनी कुणीतरी फ्रेम उघडेल, तेव्हा त्याला ते घर कुणाचं होतं ते कळेल.

येत्या रविवारी आजीजवळ बसा. वही आणि पेन्सिल घेऊन, बरं का!