कवटीशेजारची बाई

सतराव्या शतकातल्या युरोपीय चित्रांत 'सारे नश्वर' हे सांगायला कवटी, वाळूचे घड्याळ, कोमेजणारी फुले येतात. पुरुषाचा गर्व दाखवायला मुकुट, तलवार, ग्रंथ; बाईचा दाखवायला मात्र आरशासमोरची बाईच! म्हणजे त्याची कर्तबगारी व्यर्थ, आणि हिचे शरीर. मैत्रिणींनो, मला हे खटकते.

हॉलंडच्या मारिया फान ओस्टरवाइकने १६६८ मध्ये हाच विषय रंगवला. कवटी आहे, फुले आहेत, हिशेबाची वही आहे. आरशातली सुंदरी नाही. काचेच्या कुपीवर मात्र एक इवलेसे प्रतिबिंब आहे, चित्र काढणाऱ्या मारियाचे. मरणाबद्दल इथे बाई स्वतः बोलते आहे. ती अविवाहित राहिली, चित्रे विकून जगली; घरच्या मोलकरणीलाही तिने रंगकाम शिकवले. ते चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. कुपी चटकन नजरेत भरत नाही, शोधावी लागते.