गोंगाट बंद केल्यावर

परवा रविवारी भांडी घासताना (परदेशात पीएचडीबरोबर ही पदवी फुकट मिळते) 'डार्कलँड्स' लावला होता. बायको म्हणाली, "हे तेच ना, तुझे कर्कश्शवाले? आज चक्क गातायत की!" या अल्बमवरचा सगळा जुना वाद तिने एका वाक्यात आटपला. म्हणून म्हटलं, आपलंही मत लिहून टाकावं.

कर्कश्शवाले म्हणजे 'द जीझस अँड मेरी चेन'. जिम आणि विल्यम रीड हे दोन भाऊ, राहणार ईस्ट किलब्राइड. ग्लासगोची गर्दी कमी करायला १९४७ साली कागदावर आखून वसवलेलं हे शहर. स्कॉटलंडची नवी मुंबईच म्हणा ना. पीएचडी करताना मी एकदा मुद्दाम ट्रेनने जाऊन पाहून आलो. गोल चौक, पुन्हा गोल चौक, आणि पाऊस. इथे तरुण असताना गोंगाट करावासा वाटला नसता तरच नवल.

त्यांचा पहिला अल्बम 'सायकोकँडी' १९८५चा. चाली साठीच्या दशकातल्या अमेरिकन पॉपसारख्या गोड, आणि त्यांच्यावर गिटारच्या फीडबॅकचा भडिमार. फीडबॅक तुमच्या ओळखीचा आहे. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की कुंईईई होते ना, तोच. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, तिथून अँप्लिफायरमधून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि दर फेरीला थोडा वाढीव. मांडवातला कार्यकर्ता ते बंद करायला धावतो. रीड बंधूंनी त्यावर नाव कमावलं. सुरुवातीचे कार्यक्रम जेमतेम वीस मिनिटांचे, तेही बरेचदा प्रेक्षकांकडे पाठ करून. बॉबी गिलेस्पी दोनच ड्रम, तेही उभ्याने वाजवायचा. मार्च १९८५मध्ये नॉर्थ लंडन पॉलिटेक्निकमधल्या कार्यक्रमात तर दंगल झाली.

आणि मग १९८७ साली दुसरा अल्बम, 'डार्कलँड्स'. गिलेस्पी तोवर 'प्रायमल स्क्रीम'मध्ये गेलेला, त्याच्या जागी बहुतेक ठिकाणी ड्रम मशीन. फीडबॅक जवळजवळ नाहीच. अल्बम ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेला, त्यातलं 'एप्रिल स्काइज' आठव्या. जुने चाहते म्हणाले, गुळमट झाले, बाजारात बसले.

मला हे पटत नाही. माझ्या मते धाडस पहिल्या अल्बमपेक्षा दुसऱ्यात जास्त आहे.

कारण सांगतो. ध्वनिशास्त्रात मास्किंग म्हणून एक प्रकार आहे. मोठा आवाज चालू असला की त्याच्या आसपासच्या कंपनसंख्येचे बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाहीत. एमपीथ्री फाइल लहान होते ती बरीचशी याच जोरावर: जे ऐकूच येणार नाही त्यावर जागा का घालवा? 'सायकोकँडी'त गोंगाट हेच काम करतो. गळा कच्चा आहे, ओळ साधी आहे, मन दुखावलेलं आहे, हे सगळं त्याखाली झाकून जातं. 'डार्कलँड्स'मध्ये ते पांघरूण काढलंय. शीर्षकगीत विल्यम स्वतः गातो, आणि त्याचा थोडा दबलेला, संकोची आवाज लपायला कुठे जागाच नाही. गोंगाट करून नाव झालेल्या माणसाने तोच बंद करायचा, याला छाती लागते.

अल्बममध्ये उणिवा आहेत. ड्रम मशीन सगळीकडे एकाच चेहऱ्याने वाजतं, मधली दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात. आणि पुढच्या गिटारवाल्यांवर परिणाम विचाराल तर 'सायकोकँडी'चाच मोठा, तेही मान्य. पण प्रभाव वेगळा आणि धैर्य वेगळं.

आता थोडं घरचं. रीड बंधूंच्या वडिलांची कारखान्यातली नोकरी गेली तेव्हा मिळालेल्या पैशांतले ३०० पौंड त्यांनी पोरांना दिले. पोरांनी त्यातून घरी ध्वनिमुद्रण करायचं यंत्र घेतलं. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ गप्प बसलो. माझं इथलं पहिलं विमानाचं तिकीट आणि पहिल्या थंडीचा कोट बाबांच्या व्हीआरएसच्या पैशांतून आलेला. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. दर रविवारी मी फोनवर अर्धा तास बडबडतो: हवा, ट्रेनचा संप, प्रोजेक्टचा निधी, नवीन कुकर. बाबा "हं, बरं" म्हणतात. मास्किंग! मोठा आवाज माझा, आणि त्याखाली जे ऐकायचं ते राहून जातं.

त्या रविवारी भांडी झाल्यावर फोन लावला आणि विचारून टाकलं, "बाबा, नोकरी सुटली तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं?" पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं लाइन कट झाली. मग म्हणाले, "पहिलं वर्ष रोज भोंग्याला जाग यायची. उठून बसायचो. मग कारखानाच बंद झाला आणि भोंगाही. तेव्हा जास्त लागलं रे."

मी काहीच बोललो नाही. बडबड्या माणसाला हे सोपं नसतं. मग त्यांनीच आणखी पंधरा मिनिटं सांगितलं: कॅन्टीन, पहिली पाळी, भोंगा ऐकून घड्याळ लावणारे शेजारी. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

तेव्हा वाचकहो, ऐकायचंच असेल तर आधी 'सायकोकँडी' ऐका, पूर्ण, कान दुखले तरी. मग 'डार्कलँड्स' लावा. आणि तो संपला की घरात कुणाला काही विचारायचं राहिलं असेल तर विचारा. मात्र विचारल्यावर मधे बोलू नका.