विश्लेषण : ‘एनएफएल’मधील ‘डॅलस टेक्सन्स’ संघ एका हंगामातच का संपला?

अमेरिकेतील ‘नॅशनल फुटबॉल लीग’ अर्थात ‘एनएफएल’मधील एकेका संघाची किंमत आज अब्जावधी डॉलर्समध्ये मोजली जाते. याच लीगमधील एक संघ १९५२ मध्ये हंगाम अर्ध्यावर असताना मालकांनी लीगला परत केला होता. बंद पडलेला ‘एनएफएल’चा तो आजवरचा शेवटचा संघ.

संघ डॅलसला कसा आला?

तोट्यात गेलेल्या ‘न्यूयॉर्क यँक्स’ची जागा कापड उद्योजक जाइल्स मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. टेक्सासमध्ये शालेय आणि महाविद्यालयीन फुटबॉलचे वेड अफाट. त्यामुळे व्यावसायिक संघ चालणारच, असा त्यांचा होरा होता.

तो कुठे चुकला?

‘कॉटन बोल’ मैदानाची क्षमता सुमारे ७५ हजार. ‘न्यूयॉर्क जायंट्स’विरुद्धच्या पहिल्या सामन्याला जेमतेम साडेसतरा हजार प्रेक्षक आले. संघ २४-६ असा हरला. पुढे पराभव वाढले, गर्दी आटली. महाविद्यालयीन संघांवरील निष्ठा पैसे मोजून बघायच्या नव्या संघाकडे वळली नाही.

वर्णभेदाचा संबंध काय?

बडी यंग आणि जॉर्ज टालिआफेरो हे कृष्णवर्णीय खेळाडू संघाचे मोठे आकर्षण होते. मात्र त्यांना पाहायला येणाऱ्या कृष्णवर्णीयांना मैदानात वेगळे बसावे लागे. ज्यांच्या जिवावर तिकिटे खपवायची, त्यांच्याच समाजाला दुय्यम वागणूक द्यायची, हा व्यवहार नैतिकदृष्ट्या चुकीचा होताच. शिवाय तो संभाव्य प्रेक्षकांना दूर लोटणाराही होता.

शेवट कसा झाला?

सलग सात पराभवांनंतर नोव्हेंबरच्या मध्यात मालकांनी हात टेकले. लीगने संघ ताब्यात घेतला, त्याचा तळ पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे हलवला आणि उरलेले सर्व सामने डॅलसबाहेर खेळवले. ‘थँक्सगिव्हिंग’च्या दिवशी ओहायोतील अ‍ॅक्रन येथे या बेघर संघाने बलाढ्य ‘शिकागो बेअर्स’ला २७-२३ असे हरवले. १२ सामन्यांतील तो एकमेव विजय, आणि तो पाहायला होते जेमतेम तीनेक हजार लोक.

मग धडा काय?

संघ मोडला, खेळाडू मात्र संपले नाहीत. करारबद्ध खेळाडू १९५३ मध्ये ‘बाल्टिमोर कोल्ट्स’ या नव्या संघाकडे गेले. त्यांपैकी जिनो मार्केटी आणि आर्ट डोनोव्हन यांनी १९५८ आणि १९५९ ची विजेतेपदे जिंकण्यात मोलाचा वाटा उचलला. पुढे दोघांनाही ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. डॅलसलाही १९६० मध्ये ‘काउबॉइज’ मिळाले आणि तो संघ तिथे रुजला. म्हणजे ना गुणवत्तेचा दुष्काळ होता, ना शहर नापीक होते. कमी पडला तो मालकांचा धीर आणि सर्वांना सारखे बसवण्याचा मोठेपणा. संघ विकत घेता येतो. प्रेक्षक कमवावा लागतो.